काळ्याच्या आत

ती आली तेव्हा दुपारची नमाज नुकतीच उरकली होती
आणि मी शटर अर्धंच वर घेतलं होतं.
डकारच्या आमच्या गल्लीत त्या वेळी
धूळ हेच एक गिऱ्हाईक असतं.
'फोटोंच्या कामाला लॅपटॉप हवा,' म्हणाली,
आणि स्टुलावर न बसता
ओळीने मांडलेल्या अकरा पडद्यांसमोरून चालत गेली,
मासळीचे कल्ले उघडून बघत जावं तशी.

मी रोजची पोपटपंची सुरू केली:
रॅम सोळा, डिस्क एक टेराबाइट,
चहाचा पहिला पेला फेसाळायच्या आत
तीनशे फोटो उघडतील, बाई.
अकराही पडद्यांवर कंपनीने भरून दिलेला
तोच खरा पोपट, लाल-हिरवा, पानांत बसलेला.
ती म्हणाली, 'पोपट काय, कुठेही छानच दिसतो.'

मग गळ्यातल्या दोऱ्यातून तिने पेनड्राइव्ह काढला,
ताईताच्या शेजारी लटकणारा.
त्यात एकच फोटो.
सें-लुईच्या किनाऱ्यावर रात्री परतलेली होडी,
होडीच्या पोटाशी बसून जाळं सोडवणारा म्हातारा,
कंदिलाचा उजेड गुडघ्यापर्यंत येऊन थांबलेला.
'माझे बिरानमामा,' म्हणाली. 'बघू, तुझी यंत्रं यांना ओळखतात का.'

पहिल्या पडद्यावर मामा नव्हतेच.
एक गुडघा, आणि वर सपाट डांबर.
दुसऱ्यावर ते राखाडी झाले,
महिनाभर तापाने पडलेल्या माणसासारखे.
सगळ्यात महागाचा, ज्याची काच मी रोज सकाळी
स्वतःच्या सदऱ्याने पुसतो,
त्याने त्यांना चक्क जांभळं केलं
आणि वर मलाच दाखवलं, मामांच्या छातीवर,
तोंड उघडं टाकून उभा.

मी घाईने उजेड वाढवायला गेलो.
तिने माझं मनगट धरलं.
'रात्र आहे ती. तिची दुपार करू नकोस.'

आणि बोट न टेकवता, हवेतच,
ती मला मामा दाखवत गेली:
इथे गालावर काजळ,
इथे कानामागे भाजलेल्या दाण्याचा तांबूस,
मानेच्या वळीत ओली रेती,
ओठांवर अंबाडीच्या सरबताचा सुकलेला डाग.
'काळा म्हणजे एकच रंग,
हे यांना कुणी शिकवलं?'
मी विकतो, मी काय सांगणार?
चाळीस वर्षं हेच कातडं घालून हिंडतोय,
मोजलं मात्र कधी नव्हतं.

मागच्या फळीवर एक पडून होता.
कुठल्याशा कचेरीतून आलेला, जुना, विटेएवढा जड,
एक कळ गायब, पडद्याला चकाकी म्हणून नाही.
तो मी दाखवणार नव्हतो. तिनेच ओढून काढला.

आधी कानाची पाळी आली.
मग गाल, मग मानेची वळी, सगळं जागच्या जागी.
मग मामांच्या पाठीमागे, होडीच्या टोकाशी,
अंधारातून हळूहळू वेगळा होत
एक दुसरा माणूस.
दोर गुंडाळत होता. मान खाली.

ती बराच वेळ वाकून राहिली.
'हा... इथे होता?'
एवढंच. तेही मला नाही.
मी चहाची किटली उगाचच हलवली.
काही प्रश्न दुकानदाराने विचारायचे नसतात.

बॅटरी चाळीस मिनिटंच टिकते, मी खरं सांगून टाकलं.
वीज गेली तर काम बुडेल.
'बुडू दे,' म्हणाली, पण चार्जरच्या पैशांवरून
असं भांडली की शेजारचा शिंपी डोकावून गेला.
पावतीवर नाव लिहिलं: सोखना म्बोज.
दीड लाख फ्रँक, पैकी वीस हजार पुढच्या महिन्यात.
अजून आलेले नाहीत.

फळीवर विटेएवढी जागा रिकामी आहे.
शटर वर घेतो, काच पुसतो,
अकराच्या अकरा पडद्यांवर पोपट लावतो.
आणि गिऱ्हाईक नसलं की
पुढे झुकून बघत बसतो,
त्या पानांच्या मागे
कुणी आहे का.